एक वाकडा रूळ कमी

माझ्या आत्याची आगगाडी अपुरी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण ती बघणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा, की अरेरे, एक रूळ हरवलाय वाटतं. हरवला नव्हता. तो कधी आलाच नव्हता, आणि आत्याला तो कधी नकोही होता. शेवटी आला तेव्हा तिनं त्याचं काय केलं, तेच सांगायला बसलेय.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. धंदा पत्र्याचा. बादलीला नवं बूड बसवणं, नरसाळी, झाऱ्या, धान्याचे डबे, छपराच्या पन्हळी, भट्ट्यांची धुराडी, जे काही पत्र्याचं म्हणून असेल ते तिच्याकडे यायचं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधे एक अरुंद लोखंडी जिना, एवढा तिचा संसार. बाजारात तिला सगळे ‘कातर’ म्हणतात. ते हातातल्या पत्रा कापायच्या कातरीमुळे की तोंडातल्या जिभेमुळे, यावर बाजारात दोन तट आहेत. तिच्यासमोर मात्र दोन्ही तट मिठाची गुळणी धरून बसतात. माझं नाव तिनं ‘ठिणगी’ ठेवलंय. मी लवकर पेटते म्हणे. कुणाच्या वळणावर गेलेय ते तिला विचारा.

गाडी घरात आली तेव्हा दुकान आजोबा चालवायचे आणि आत्या दुधाचे दात पडायच्या वयाची होती. एक गिऱ्हाईक खोकं घेऊन आलं. खोक्यात चावीचं इंजिन होतं, काळं, लाल पट्ट्याचं. त्याला जोडायचा एक डबा होता, रंगवलेल्या खिडक्यांचा, आणि खाली पत्र्याचे रूळ. इंजिनाच्या पोटाचा सांधा उसवला होता. आजोबांनी कथील वितळवून त्याला डाख लावला, वरून घासून असा गुळगुळीत केला की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये. पण ते गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. दुरुस्तीला टाकलेली वस्तू मालक न्यायला आला नाही, तर ती वर्षभर फळीवर ठेवायची. वर्षात आला तर त्याची, नाही आला तर दुकानाची. तोवर ती वापरायची नाही, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. मग ती चांदीसारखी चकचकीत समई असो की तोटी तुटलेली किटली. आजोबांनी हा नियम कुणासाठीही वाकवला नाही, पोटच्या पोरीसाठीही नाही. तिला फक्त खोक्यावरची धूळ पुसायची परवानगी होती.

तिनं वर्षभर धूळ पुसली. दुकानात कुणी शिरलं की तिला वाटायचं, हा तोच माणूस नसेल ना. बादलीचं बूड बसवून घ्यायला आलेल्या बिचाऱ्या बायकांकडेसुद्धा ती अशी डोळे वटारून बघायची की आजोबांना मधे पडावं लागे. त्या वर्षात आपण अर्ध्या गावाचा मनातल्या मनात द्वेष केला, असं ती आजही अभिमानानं सांगते.

वर्ष भरलं. मधल्या काळात माझे बाबा जन्माला आले होते, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनी परस्पर निकाल लावून टाकला की गाडी आता मुलाला ठेवा, मुलगी काय करणार आगगाडीचं. बाबा तेव्हा पाळण्यात स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होते. आजोबांनी खोकं फळीवरून काढलं आणि एवढंच म्हणाले, “जिनं वाट बघितली, गाडी तिची.” विषय संपला. आजोबांचे विषय असेच संपायचे.

वरच्या खोलीत जमिनीवर रूळ मांडले तेव्हा कळलं की गोल पुरा होत नाही. एक वाकडा रूळ कमी होता. आजोबा म्हणाले, त्यात काय, उद्या पत्र्यातून ठोकून देतो. त्यांच्यासाठी तो डाव्या हातचा मळ होता. पण उद्यापर्यंत धीर धरायला आत्या म्हणजे काय संत होती? आधीच वर्ष गेलेलं. तिनं चावी दिली आणि धावत जाऊन त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसली, तळवा जमिनीला टेकवून. इंजिन खडखडत आलं, रुळावरून उतरलं आणि थेट तिच्या तळहातात शिरलं. चाकं फिरतच होती. त्या चाकांच्या गुदगुल्या हाताला झाल्या आणि ती खिदळायला लागली. मग तिनं गाडी उचलून पलीकडच्या रुळावर ठेवली, ती परत एक चक्कर मारून आली, परत तळहातात. चावी संपेपर्यंत हेच.

दुसऱ्या दिवशी आजोबा खाली पत्र्यावर खुणा करत होते. आत्या त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, “रूळ पुरा झाला, तर मग मी काय करू?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कातर खिळ्याला अडकवली. त्या रुळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात त्या मोकळ्या जागेला खिंड म्हणतात. जेवणं झाली की गाडी मांडायची, एकानं चावी द्यायची आणि एकानं खिंड लढवायची. खिंडीत बसणाऱ्यानं दुसरीकडे बघायचं नाही, पायानं अडवायचं नाही, वरून झडप घालायची नाही. हात टेकवायचा आणि गाडीला येऊ द्यायचं. बाबा रांगायचे थांबून चालायला लागले तेव्हा त्यांनाही बसवलं. घरात आलेल्या पाहुण्यांनाही बसवायचे. माणूस कसा आहे ते खिंडीत कळतं, असं आजोबा म्हणायचे, आणि आत्यानं ते फार मनावर घेतलं.

इतकं, की तिला मागणी घालायला गोदामातला कारकून आला, सज्जन, नाकीडोळी नीटस, सगळ्यांना पसंत, तेव्हा तिनं त्यालाही खिंडीत बसायला सांगितलं. तो हसला. पँटला धूळ लागेल म्हणून खाली बसला नाही. खुर्चीवरूनच त्यानं बूट पुढे केला आणि गाडी बुटानं थांबवली. आत्यानं गाडी उचलली, खोक्यात ठेवली आणि त्याच्यासमोर चहा ठेवून सांगितलं की माझं काही जमायचं नाही. घरात आठवडाभर आदळआपट चालली. एवढ्याशा गोष्टीवरून चांगला मुलगा घालवला, म्हणून जो तो तिला बोलत होता. मी तेव्हा जन्मले नव्हते, नाहीतर मीही बोलले असते, पण त्या बुटाला.

आजोबा गेले आणि दुकान तिच्याकडे आलं. बेकरीवाल्यानं निरोप धाडला की धुराडं बसवायला छपरावर चढावं लागेल, कुणीतरी पुरुष माणूस पाठवा. तिनं उलट निरोप दिला की तुम्ही शोधून ठेवा, तोवर मी बसवून टाकते. ते धुराडं अजून उभं आहे. बेकरीवाले दोनदा बदलले.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा दादा, लहानपणी सुट्टीच्या दिवशी आत्याकडे असायचो. खिंडीत माझा हात चांगला बसायचा. दादाचं मात्र काही केल्या जमायचं नाही. गाडी जवळ आली की त्याचा धीर सुटायचा आणि तो वरून झडप घालायचा, नाहीतर डोळेच मिटून घ्यायचा. एकदा इंजिन आपटलं, त्याचं धुराडं वाकलं आणि दादा तासभर रडला. आत्यानं ते दोन टोले घालून सरळ केलं, त्याला जवळ घेतलं, पण त्याच्या मनातून काही ते गेलं नाही. मी मोठा झालो ना आत्या, की तुला तो रूळ आणून देईन, असं तो हुंदके देत म्हणाला. आत्या म्हणाली, नको आणूस. आता आमच्या दादाची गंमत अशी की कुणी नको म्हटलं की त्याला वाटतं, बिचारे भिडेखातर म्हणताहेत. पाहुणा नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात वाढणारा माणूस तो. प्रेमळ आहे, त्यात खोट नाही. पण त्याच्या प्रेमापुढे ‘नाही’ या शब्दाचं काही चालत नाही.

गेल्या थंडीत आत्या जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पकड आली नाही. कातर हातात धरली की मूठ मिटायची नाही. चार-दोन वेळा तिनं करून बघितलं आणि कातर खिळ्याला अडकवून ठेवली. ‘दुकान चालू आहे’ अशी पत्र्याची पाटी बाहेर टांगलेली असायची, तिचा गंजलेला आकडा त्याच सुमारास तुटला. आत्यानं पाटी आत आणून फळीवर उलटी ठेवली. नवा आकडा करायला तिला एरवी चहा गार व्हायलाही वेळ लागला नसता. तिनं केला नाही. मला त्या मोडलेल्या मनगटापेक्षा त्या उलट्या पाटीची जास्त भीती वाटली.

दादानं ठरवलं की आत्याला आपल्याकडे न्यायचं. खालच्या मजल्यावरची खोली, दारातच न्हाणीघर, भिंतीला धरायला दांड्या, खिडकीतून झाड दिसतं. खोली चांगली होती. तीच तर पंचाईत होती, वाईट असती तर मी भांडले असते. दुकान रिकामं करून बंद करायचं. बाबांनी मान डोलावली, पण ताईला, म्हणजे आत्याला, विचारा म्हणाले. ताईला विचारलं, तर ताई म्हणाली, बघू.

बघू. जी बाई जन्मात कधी ‘बघू’ म्हणाली नाही, एक तर हो नाहीतर चालते व्हा, ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, बघू. मी छापखान्यात पुठ्ठे शिवायचं काम करते. त्या दिवशी मी सुई तीनदा बोटात घुसवून घेतली. माझा राग दादावर नव्हताच. आत्या स्वतःच स्वतःला दुकानातून बाहेर काढायला तयार होतेय, याचा राग होता, आणि तिला जाऊन तसं तोंडावर सांगायची माझी छाती होत नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तिच्याकडे गेलो, मी, दादा आणि बाबा. तिचं ‘बघू’ होतं, त्याचं ‘हो’ करून घ्यायचं, असं दादानं रस्त्यात सांगितलं. त्याच्या हातात छोटी डबी होती आणि चेहऱ्यावर मावत नव्हता इतका आनंद. वर गेल्यावर त्यानं स्वतःच गाडी मांडली. मग डबी उघडली. आत कापसात ठेवलेला पत्र्याचा वाकडा रूळ होता. तसाच जुना, त्याच मापाचा, त्याच बनावटीचा. जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्यांकडे तो कित्येक महिने चौकशी करत होता म्हणे. त्यानं रूळ खिंडीत बसवला. खट्ट आवाज झाला आणि गोल पुरा झाला.

बाबांचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझेही आले. आमच्या उभ्या आयुष्यात ती गाडी कधी न थांबता फिरलेली आम्ही पाहिली नव्हती.

आत्या आपल्या नेहमीच्या जागी, खिंडीपाशी, छोट्या स्टुलावर बसली होती. दादानं चावी दिली. गाडी निघाली, वळली, जवळ आली आणि आत्याचा डावा हात आपोआप पुढे गेला. इंजिन तिच्या बोटांवर आदळलं आणि आडवं झालं.

दादा हसत हसत पुढे झाला, त्यानं गाडी सरळ केली आणि अगदी मायेनं म्हणाला, “आत्या, हात काढ ना. आता हात लागत नाही.”

तिनं हात काढून मांडीवर ठेवला. गाडी गोल गोल फिरत राहिली. दादानं टाळ्या वाजवल्या, बाबांनी डोळे पुसले. आत्या गाडीकडे बघत होती आणि मी आत्याकडे. चावी संपली, गाडी मंदावली आणि खिंडीच्या बरोबर मधे, त्या नव्या रुळावर, उभी राहिली.

“आता मी काय करू?” आत्यानं विचारलं.

दादाला त्या प्रश्नाचा इतिहास माहीत नव्हता असं नाही. आम्हा सगळ्यांना ती गोष्ट तोंडपाठ होती. पण आनंदाच्या भरात माणसाला ऐकू कमी येतं. तो म्हणाला, काही नाही, तू आता नुसतं बघायचं.

आत्या उठली. गाडी बाजूला ठेवली, नवा रूळ ओढून काढला, पदराखाली धरला आणि जिन्याकडे चालू लागली. दादा हात द्यायला धावला. तिनं डाव्या हातानं कठडा धरला आणि एक एक पायरी करत खाली उतरली. आम्ही तिघं मागे, शाळेतल्या पोरांसारखे रांगेनं.

दुकानात तिनं दिवा लावला. खिळ्यावरून कातर काढली. कातरीची एक मूठ टेबलाच्या शिकंज्यात घट्ट आवळली, म्हणजे धरायला फक्त वरची मूठ उरली. आजोबा म्हातारपणी असंच करायचे, असं तिनं सांगितलेलं मला आठवलं. मग तिनं तो रूळ कातरीच्या पात्यांमधे सरकवला. दादाला तेव्हा कुठे कळलं. कित्येक महिन्यांची त्याची शोधाशोध त्या पात्यांमधे होती.

तिनं वरच्या मुठीवर तळवा टेकवला आणि अंगाचा भार टाकला. मनगटानं भार पेलला नाही. कातर निसटली, पत्र्यावर नुसता ओरखडा उठला. तिनं ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं, दुखत होतं हे उघड होतं. बाबा म्हणाले, ताई, राहू दे. दादा पुढे सरसावला.

“थांब,” ती म्हणाली. “हाक मारली की ये.”

तो जिथल्या तिथे थांबला. ती आमच्याकडे न बघता बोलू लागली, पात्यांमधला पत्रा नीट करत.

“गिऱ्हाईकानं टाकून दिलेल्या किटलीलासुद्धा या दुकानात वर्षभर फळीवर जागा आहे. मला पडून अजून वर्ष झालं नाही. त्याच्या आत मला उचलायला निघालात?”

मला त्या क्षणी आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. मी ओठ चावून उभी राहिले.

दुसऱ्यांदा तिनं तळव्याऐवजी कोपर टेकवलं आणि सगळी वाकली. कर्र आवाज आला. रुळाचे दोन तुकडे झाले. तिनं एका तुकड्याची लांब पट्टी कापली, तीही तशीच, कोपरानं, थांबत थांबत. घाम पुसला. पट्टी ऐरणीवर ठेवली आणि हातोडा डाव्या हातात घेतला. आता पट्टी धरायला दुसरा हात हवा होता आणि उजव्यात जोर नव्हता.

“आता ये,” तिनं दादाला हाक मारली. “सांडशीनं धर. घट्ट. डोळे मिटू नकोस.”

दादानं धरली. डोळे मिटले नाहीत, पण भरले होते. ती ठोकत गेली, ती सांगेल तशी तो फिरवत गेला, आणि पट्टीचा आकडा झाला. ओबडधोबड होता. आजोबांनी फेकून दिला असता आणि आत्यानंही, पडण्यापूर्वी. तिनं तो उजेडात धरून बघितला आणि चालेल म्हणाली. फळीवरची पाटी घेतली, झटकली, आकड्यात अडकवली आणि बाहेर टांगली. रविवार होता, बाजार बंद होता, ‘दुकान चालू आहे’ हे वाचायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती आत येऊन दादासमोर उभी राहिली.

“तुझी खोली चांगली आहे,” ती म्हणाली. “झाड बघायला येत जाईन. पण माझं जे जे कमी पडेल ते बुजवत बसू नका. जिथे हात पुरणार नाही तिथे हाक मारीन. तेव्हा या म्हणजे झालं.”

रूळ असा कापायला नको होता, तेवढा मी आणला होता, असं दादा लहान मुलासारखं पुटपुटला. आत्यानं त्याच्या गालावरून डावा हात फिरवला आणि म्हणाली की मी नको म्हटलं होतं. तू रडत होतास, तेव्हा ऐकू आलं नसेल.

मग आम्ही वर गेलो. खिंड पुन्हा मोकळी झाली होती. आत्यानं दादाला तिथे बसवलं. त्याची पोटरी आता मांडीखाली मावत नव्हती, पण बसला. तिनं मला गाडीला चावी द्यायला सांगितलं, तेवढी पकड अजून आली नव्हती म्हणून, आणि तसं स्पष्ट सांगून. गाडी निघाली. दादानं तळवा जमिनीला टेकवला. गाडी वळली, खडखडत जवळ आली, मला त्याचे खांदे आखडलेले दिसले. पण या वेळी त्यानं झडप घातली नाही. इंजिन रुळावरून उतरलं आणि त्याच्या हातात शिरलं.

चाकं फिरत राहिली. दादा ती तशीच दोन्ही हातांत धरून बसला, हसत, गाल ओले, जसं काही आता तो ती कधीच खाली ठेवणार नव्हता.

“धरून काय बसलास?” आत्या म्हणाली. “पलीकडे ठेव तिला. चावी आहे अजून.”

दादानं गाडी पलीकडे ठेवली.